ढाक्यात सिद्ध झालेलं मीठ-साखरेचं पाणी: चिठ्ठीवर नसेल तर आपण मागायला हवं

पावसाळा लागला की मोहल्ल्यातल्या दवाखान्यात एक दृश्य हमखास दिसतं. कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल, चेहरा उतरलेला, आणि आई सांगत असते, "डॉक्टरसाहेब, रात्रीपासून आठ-दहा वेळा जुलाब झालेत, काहीतरी जोरदार औषध द्या." मनात असतं की एखादं इंजेक्शन मिळावं, नाहीतर सलाईन तरी लावावं. डॉक्टर चिठ्ठी लिहितात. तीत अँटिबायोटिक असतं, जुलाब बंद होण्याचं औषध असतं. ओआरएसचं पाकीट असेलच असं नाही.

हे पाकीट किती मोलाचं आहे हे कळायचं असेल तर ते आलं कुठून ते पाहावं लागेल. ते एखाद्या श्रीमंत देशाच्या मोठ्या कंपनीतून आलेलं नाही. ते मुख्यतः ढाका आणि कोलकाता इथल्या कॉलऱ्याच्या वॉर्डांमधून आलं. आणि ते घराघरात कसं न्यायचं हे जगाला बांगलादेशानं शिकवलं.

मरतो तो पाणी गेल्यामुळे

कॉलऱ्यात, म्हणजे पटकीत, माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. कॉलऱ्याच्या जंतूचं विष आतड्याला पाणी बाहेर टाकायला लावतं. जोराचा कॉलरा असेल तर मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावू शकतो. लहान मुलांच्या साध्या जुलाबांतही धोका हाच असतो. फक्त वेग कमी असतो.

त्या काळी यावर खात्रीचा उपाय एकच होता, शिरेतून सलाईन. पण सलाईनला बाटली लागते, निर्जंतुक सुई लागते, शिकलेला माणूस लागतो, दवाखाना लागतो. पूर्व बंगालच्या खेड्यात, जिथे पावसाळ्यात होडीशिवाय हलता येत नाही, तिथे हे सगळं आणायचं कुठून?

१९६० साली ढाक्यात कॉलरा संशोधनाची प्रयोगशाळा सुरू झाली. तेव्हा तो भाग पूर्व पाकिस्तान होता. अमेरिकेनं यात पैसा घातला, त्यामागे आशियातल्या आपल्या सैनिकांची काळजीही होती. १९६३ मध्ये ढाक्याच्या आग्नेयेला, नद्यांच्या जाळ्यातल्या मतलब या भागात तिचं ग्रामीण केंद्र उघडलं. रुग्णांना होडीतून आणून तिथे फुकट उपचार होत. १९६६ पासून मतलबच्या गावांमधला प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदवला जाऊ लागला. विकसनशील देशांतल्या सर्वांत जुन्या अशा नोंदींमध्ये तिची गणना होते.

इथली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, ती म्हणजे कॉलऱ्याची खाट. खाटेच्या मधोमध भोक, त्यावर भोक पाडलेलं प्लास्टिक, खाली बादली. बादलीत किती पाणी जमा झालं ते मोजायचं आणि तेवढंच पाणी रुग्णाला परत द्यायचं. दिसायला ओबडधोबड, पण याच मोजमापावर पुढचं सगळं संशोधन उभं राहिलं.

आतड्यातला एक दरवाजा उघडाच असतो

रुग्णाला नुसतं पाणी पाजलं तर ते जुलाबावाटे निघून जातं. मिठाचं पाणीही बहुतांशी तसंच जातं. पण १९६० च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की आतड्याच्या आवरणात एक खास वाट आहे. साखर, म्हणजे ग्लुकोज, आणि मिठातलं सोडियम या वाटेनं जोडीनं आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत ओढलं जातं. कॉलऱ्याचं विष बाकी सगळं बिघडवतं, पण ही वाट चालू राहते. म्हणून मीठ आणि साखर दोन्ही हवेत, आणि तेही ठरलेल्या प्रमाणात.

प्रमाणाचं महत्त्व आधीच एका दुःखद प्रसंगातून कळलं होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिपिन्समध्ये असं द्रावण पाजण्याचा प्रयोग झाला. द्रावण जास्त तीव्र होतं, मोजमाप चुकलं आणि काही रुग्ण दगावले. त्यानंतर बरेच डॉक्टर या कल्पनेला घाबरून होते.

ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकन डॉक्टरांनी तिथल्या सहकाऱ्यांबरोबर हे काम पुन्हा हाती घेतलं. जितकं पाणी बाहेर जातंय तितकंच तोंडावाटे द्यायचं, हा त्यांचा नियम होता. १९६८ मध्ये निष्कर्ष छापून आले. तोंडावाटे द्रावण दिलं तर शिरेतल्या सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते. कोलकात्यातही याच सुमारास असेच प्रयोग यशस्वी होत होते.

१९७१: सलाईन संपलं तेव्हा

तरीही अनेक जाणकारांचा विश्वास बसत नव्हता. वॉर्डात डॉक्टर-नर्स हजर असतात, तिथलं ठीक आहे, गर्दीत आणि चिखलात हे चालेल का, असं ते विचारत. उत्तर बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात मिळालं. एक कोटीच्या आसपास लोक जीव वाचवायला सीमा ओलांडून भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथे काम करत होते. जमिनीवर पडलेले रुग्ण, माणसं कमी, आणि सलाईनचा साठा संपत आलेला.

त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळला, पिंपं भरून ठेवली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, पेला भरा आणि पाजत राहा. आई, बहीण, भाऊ, जो जवळ असेल तो पाजायचा. आधी तिथे शंभरातले सुमारे ३० रुग्ण दगावत होते. या उपायानंतर हे प्रमाण चारच्याही खाली आलं. महालनबीस यांना भारत सरकारनं २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. तोवर त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं?

पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं आणि युनिसेफनं ओआरएस जगभर नेलं. त्यानं पाच कोटींहून अधिक जीव वाचवले असा अंदाज सांगितला जातो.

तीन बोटांची चिमूट, एक मूठ गूळ

पण औषध सापडणं वेगळं आणि घरात पोहोचणं वेगळं. नव्या बांगलादेशात पुरेशी पाकिटं बनवणं आणि वाटणं सोपं नव्हतं. फजले हसन आबेद यांनी स्थापन केलेल्या ब्रॅक या संस्थेनं १९८० मध्ये ठरवलं की पाकिटाची वाट बघायची नाही, आईलाच द्रावण करायला शिकवायचं. कृती अशी होती: तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी. 'लोबोन-गुर', म्हणजे मीठ-गूळ, हे नाव घरोघरी झालं.

खेड्यापाड्यातल्या बायका कार्यकर्त्या झाल्या. त्या दारोदार जाऊन एकेका आईला समोर बसवून द्रावण करून दाखवत आणि तिच्याकडून करून घेत. महिनाभरानं दुसरे लोक त्यातल्या काही घरी जाऊन तपासत की आईच्या काय लक्षात राहिलं. कार्यकर्तीचा मोबदला यावरच ठरायचा. किती घरं केली यापेक्षा आया काय शिकल्या याला पैसे होते. दहा वर्षांत एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत हे शिक्षण पोहोचलं.

सुरुवातीला मात्र फसगत झाली. आया शिकल्या, तोंडपाठ सांगायच्या, पण मूल आजारी पडलं की द्रावण करायच्याच नाहीत. शोध घेतल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांचाच त्यावर पूर्ण विश्वास नव्हता. त्यांच्या स्वतःच्या घरी गोळ्याच घेतल्या जात. दुसरी चूक अशी की सगळं फक्त बायकांना सांगितलं होतं. घरातल्या पुरुषांना काही ठाऊक नव्हतं, आणि निर्णय त्यांच्या हातात होता. मग कार्यकर्त्यांना ढाक्याला नेऊन रुग्ण बरे होताना दाखवले. बाजारात, शाळेत आणि मशिदीत पुरुषांशी बोलणं सुरू झालं. त्यानंतर वापर वाढला. पुढच्या काळात बांगलादेशात जुलाब झालेल्या मुलांपैकी चारांतल्या सुमारे तिघांना ओआरएस मिळू लागलं. इतकं प्रमाण फार थोड्या देशांत आहे.

आपल्याकडे घोडं कुठे अडतं?

आता आपल्या देशाकडे या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतात जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांना ओआरएस मिळालं आणि जेमतेम ३१ टक्के मुलांना झिंक मिळालं. औषध स्वस्त आहे, सरकारी केंद्रात फुकट आहे, तरी दहातली चार मुलं त्याविना राहतात. जगात आजही पाच वर्षांखालची चार लाखांहून अधिक मुलं दरवर्षी जुलाबानं दगावतात.

असं का होतं, यावर बिहार आणि कर्नाटकातल्या अडीचशेहून अधिक शहरांत एक मोठं संशोधन झालं. ते २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं. शिकवून तयार केलेली माणसं दोन वर्षांच्या आजारी मुलाचे पालक म्हणून दोन हजारांहून अधिक खासगी दवाखानेवाल्यांकडे गेली. निघालं ते विचार करण्यासारखं आहे. ओआरएस चांगलं आहे हे बहुतेकांना माहीत होतं. दुकानात माल नसणं किंवा त्यात पैसा न सुटणं ही कारणं होती, पण छोटी. सर्वांत मोठं कारण हे की लोकांना ओआरएस नको असतं, त्यांना 'खरं औषध' हवं असतं, असं डॉक्टरांना वाटतं. ज्या पालकांनी स्वतः ओआरएस हवं असं दाखवलं, त्यांना ते लिहून मिळण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं.

म्हणजे डॉक्टर आपल्या मनातलं ओळखायचा प्रयत्न करतात आणि चुकतात. आपण तोंड उघडलं तर निम्मं काम होतं.

ओआरएसबद्दलचा गैरसमज

"दोन ग्लास पाजलं तरी जुलाब थांबले नाहीत," ही तक्रार नेहमीची. ओआरएस जुलाब बंद करण्यासाठी नसतंच. ते अंगातलं पाणी भरून काढतं, मूल तगतं, आणि बहुतेक जुलाब काही दिवसांत आपोआप बरे होतात. लहान मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात, त्यांवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. शौचातून रक्त पडत असेल किंवा जोराचा कॉलरा असेल तर गोष्ट वेगळी, ती डॉक्टरांनी ठरवायची.

घरी लक्षात ठेवण्यासारखं एवढं:

- पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवा. मोठं पाकीट बहुधा एक लिटरचं असतं, छोटं २०० मिलिलिटरचं. अर्धं पाकीट अंदाजानं टाकू नका. दूध, सरबत, साखर वेगळी घालू नका. २४ तासांनंतर उरलेलं फेकून द्या.
- दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर. चमच्यानं, घोटाघोटानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा.
- पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका.
- अंगावरचं दूध बंद करू नका. मऊ भात, खिचडी, केळं चालू ठेवा. पोट उपाशी ठेवल्यानं मूल आणखी खंगतं.
- झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्यायची. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०. आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यात विचारा.
- सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळणारी रोटाव्हायरसची लस चुकवू नका. सरकारी केंद्रात ती फुकट आहे.

मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पाणी पिईना, सगळंच उलटून टाकू लागलं, लघवी बंद झाली किंवा शौचातून रक्त आलं तर घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या. अशा वेळी शिरेतलं सलाईन लागू शकतं.

खोक्यातल्या गोड पेयांपासूनही सावध राहा. वर्षानुवर्षं काही पेयं नावात 'ओआरएस' लावून विकली गेली. त्यांत साखर गरजेपेक्षा खूप जास्त असते आणि जुलाब वाढू शकतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर हा शब्द वापरायला मनाई केली. औषधाच्या दुकानात मागताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस मागा आणि पाकिटावर तसं छापलंय का ते बघा.

संशोधन कुणाच्या भरवशावर?

ढाक्याची ती प्रयोगशाळा १९७० च्या दशकाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय केंद्र झाली आणि आजही चालू आहे. पण २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली तेव्हा तिथल्या हजाराहून अधिक कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करावं लागलं. गरीब देशाच्या आजारावरचं संशोधन दूरच्या सरकारच्या पैशावर चालतं तेव्हा असं होतं. पैसा देणाऱ्याचं मन बदललं की वॉर्डातली माणसं कमी होतात. आपल्या आजारांवरचं काम आपल्या सरकारांनी आणि आपल्यातल्या ऐपतदारांनी उचलून धरायला हवं, हा यातला धडा आहे.

तोवर आपल्या हातात एक सोपं काम आहे. आज औषधाच्या दुकानातून ओआरएसची दोन-तीन पाकिटं आणून घरात ठेवा. घरातल्या पुरुषांनाही ते कसं करायचं ते दाखवा, बांगलादेशात जी चूक आधी झाली ती आपल्याकडे नको. आणि पुढच्या वेळी मूल घेऊन दवाखान्यात गेलात, चिठ्ठीवर नाव दिसलं नाही, तर संकोच न करता विचारा, "डॉक्टरसाहेब, ओआरएस आणि झिंक लिहून द्याल का?"