जॉली बॉय बेटावर प्लास्टिकची पिशवीसुद्धा का नेऊ देत नाहीत?

अंदमानला जायचं ठरलं की आपल्या यादीत सेल्युलर जेल आणि हॅवलॉक (म्हणजे आताचं स्वराज द्वीप) हमखास असतात. त्यात आणखी एक नाव टाका: जॉली बॉय. पण जाण्याआधी तिथले नियम समजून घ्या. ते कडक आहेत आणि त्यामागे कारणही तसंच आहे.

हे बेट आहे कुठे?

पोर्ट ब्लेअर म्हणजेच श्री विजयपुरमपासून साधारण ३० किलोमीटरवर वंडूर गाव आहे. इथेच १९८३ साली महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं. सुमारे २८१ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात १५ बेटं, खारफुटीच्या खाड्या आणि प्रवाळांचे मोठे पट्टे येतात. पर्यटकांना मात्र यातली दोनच बेटं प्रामुख्याने पाहता येतात, जॉली बॉय आणि रेड स्किन. तीही आळीपाळीने! साधारणपणे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात जॉली बॉय खुलं असतं, पावसाळ्यात रेड स्किन. त्यामुळे एका बेटाला वर्षातले काही महिने सक्तीची विश्रांती मिळते.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे

प्रवाळ दिसायला खडकासारखे असले तरी ती हजारो इवल्याशा प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं आणि त्याचा मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळाला रंगही बऱ्याच अंशी त्याच्यामुळेच येतो.

समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर हे शैवाल बाहेर फेकलं जातं. प्रवाळ पांढरे पडतात आणि उपासमारीने मरूही शकतात. २०१० साली अंदमानात नेमकं हेच मोठ्या प्रमाणावर घडलं.

गोलसर, भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे तुमच्या एका पावलाखाली जे मोडतं, ते घडायला कित्येक वर्षं लागलेली असतात. समुद्र किती तापावा हे आपल्या हातात नाही, पण पाय कुठे ठेवायचा हे नक्कीच आहे.

जाताना हे लक्षात ठेवा

- वन विभागाचा परवाना लागतो. त्यासाठी ओळखपत्र जवळ ठेवा. सोमवारी उद्यान बंद असतं.
- वंडूरच्या जेट्टीवर सामानाची तपासणी होते. वेफर्सची पाकिटं, कॅरी बॅग काहीही चालत नाही. पाण्यासाठी घरून स्टीलची बाटली न्या.
- बेटावर हॉटेल नाही, मुक्कामाची सोय नाही. तासाभराच्या बोटप्रवासाआधीच पोटपूजा उरका.
- पोहता येत नसेल तरी हरकत नाही. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात.
- स्नॉर्केलिंग करताना पाण्यावर तरंगत राहा. दमलात तर गाइडचा हात धरा, प्रवाळावर उभे राहू नका.
- क्रीमऐवजी पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घाला. काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळांना घातक असतात.
- या भागात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. धोक्याची पाटी दिसली तर गुडघाभर पाण्यातही उतरू नका.

आणि आठवण म्हणून एक तुकडा?

अजिबात नाही! वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळांना पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. वाघही त्याच यादीत आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा उचलून बॅगेत टाकणंही महागात पडू शकतं. शंखशिंपलेही तिथेच राहू द्या. रिकामा शंख कुठल्या तरी साधू खेकड्याचं पुढचं घर असतो.

फोटो मात्र हवे तितके काढा. आणि तुमच्या ओळखीत कुणी अंदमानचं तिकीट काढलं असेल, तर त्यांना हे आजच पाठवा.