'थिअरेटिकली' वाचताना

'थिअरेटिकली' या इंग्रजी शब्दापुढे कोशात 'सैद्धांतिकदृष्ट्या' एवढंच लिहिलेलं असतं. तो अर्थ सरसकट लावला की भाषांतर फसतं. हा शब्द भेटला की आधी त्याच्या शेजारी कोण बसलंय ते पाहावं.

शेजारी 'प्रेडिक्टेड' किंवा 'डिराइव्हड' असेल, तर कोशातला अर्थ बिनधास्त घ्या. गुरुत्वीय लहरींचं भाकीत आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये 'थिअरेटिकली' केलं, म्हणजे गणितातून मांडलं. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेत त्या लहरी पहिल्यांदा नोंदल्या गेल्या सप्टेंबर २०१५ मध्ये. इथे शब्दात शंकेचा लवलेश नाही. भाकिताला सिद्धांताचा आधार होता, एवढंच तो सांगतो.

शेजारी 'पॉसिबल' आला की अर्थ सरकतो. बुद्धिबळाचा डाव कुठेतरी संपतोच, त्यामुळे दोन्ही बाजूंनी अचूक खेळ झाला तर निकाल काय लागेल, हे शोधणं 'थिअरेटिकली पॉसिबल' आहे. पण गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये शक्य डावांची संख्या अंदाजे काढली, ती एकावर १२० शून्यं एवढी! ते सगळे तपासणं कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचं. नियम आड येत नाही, वेळ आड येतो. इथे मला 'तत्त्वतः शक्य' बरं वाटतं. सरकारी बातम्यांतल्या 'तत्त्वतः मान्यते'शी मात्र त्याची गल्लत नको. ती 'इन प्रिन्सिपल'ची मराठी.

सगळ्यात फसवा तो वाक्याच्या तोंडाशी, स्वल्पविराम घेऊन येणारा. 'थिअरेटिकली, द ट्रेन लीव्ह्ज ॲट टेन.' पुढचा 'पण' बोलणाऱ्याने गिळलेला असतो, तो आपण ऐकायचा. 'सैद्धांतिकदृष्ट्या गाडी दहाला सुटते' असं मराठीत कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो, 'तशी गाडी दहाची आहे.' त्या 'तशी'त सगळं आलं.

आता याचा विरुद्धार्थी म्हणून 'प्रॅक्टिकली' वापरायचा मोह होतो. तो जपून वापरावा. 'द वर्क इज प्रॅक्टिकली फिनिश्ड' म्हणजे काम जवळजवळ संपलं, 'व्यवहारात संपलं' नव्हे. 'प्रत्यक्षात' म्हणायचं असेल, तर इंग्रजीत 'इन प्रॅक्टिस' लिहिलेलं बरं.