काळाच्या आधी काय होते?

सोलापुरात मागावर चादर विणली जात असताना घटकाभर उभे राहावे. उभ्या ताण्यातून धोटा आडवा बाणा घेऊन येरझारा घालतो आणि चादर वीतवीत वाढत जाते. विणण्यापूर्वी तिची लांबी कोठे होती, असे कोणी पुसले तर विणकर हसेल. परंतु विश्वाविषयी हाच प्रश्न थोर तत्त्ववेत्त्यांनी गांभीर्याने विचारला आहे.

आपल्या वैशेषिकांनी काल आणि दिक् यांना नऊ द्रव्यांच्या फेरिस्तात स्वतंत्र जागा देऊन दोन्ही नित्य मानली. म्हणजे चादर असो वा नसो, माग आहेच. न्यूटनचे मतही याच जातीचे. लाइब्निझने मात्र १७१५-१६ च्या पत्रव्यवहारात, न्यूटनचा कैवार घेणाऱ्या क्लार्कपुढे हरकत मांडली की, काळ जर रिकामा आणि सर्वत्र सारखाच असेल, तर ईश्वराने सृष्टी वर्षभर आधी का निर्माण केली नाही, यास कारणच उरत नाही. सबब काळ म्हणजे केवळ घटनांचा क्रम, आणि अवकाश म्हणजे वस्तूंची परस्पर मांडणी. ईश्वराची इच्छा हेच पुरेसे कारण, हे क्लार्कचे उत्तर मला पळवाट वाटते.

१९१५ साली आइन्स्टाइनने दाखविले की, वस्तुमानाने अवकाश-काळ वाकतो, म्हणजे हा माग निर्विकार नव्हे. तथापि पदार्थरहित अवकाशही त्याच्या सिद्धान्तात बसतो, त्यामुळे लाइब्निझचाही पुरता जय झाला नाही. विश्वविस्तारास आरंभ होऊन सुमारे १३८० कोटी वर्षे लोटली. ‘त्यापूर्वी’ या शब्दास अर्थ आहे की नाही, हा दावा अद्याप तहकूब आहे.