फँटसी ड्राफ्ट आणि एक्सेलचा तो छोटासा बाण

आयपीएल जवळ आली की प्रत्येक विंगमध्ये फँटसी लीगची टूम निघते. मोबाईलच्या ॲपवर सगळे जण तोच कोहली आणि तोच बुमराह घेतात, त्यामुळे अर्धा संघ सगळ्यांचा सारखाच! ड्राफ्टमध्ये तसं नसतं. एक खेळाडू एकाच संघाचा. एकाने बुमराह उचलला की बाकीच्यांनी हात चोळत बसायचं. खरी मजा यातच आहे, आणि भांडणंही यातूनच होतात. "मी आधी बोललो होतो" हे वाक्य रात्री बारा वाजता कॉमन रूममध्ये एकदा निघालं की पुढचे दोन दिवस मेसमध्ये काही जण एका टेबलावर बसत नाहीत.

(रेक्टर सरांनी हे पान वाचलं तर म्हणून आधीच सांगतो: यात पैसे नाहीत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायद्याने बंदी घातली आहे. आपल्याकडे शेवटच्या नंबरच्या संघाने चहा पाजायचा, बस्स.)

आता कामाचं. आठ संघ, प्रत्येकी अकरा खेळाडू, म्हणजे एकूण ८८ निवडी. पहिल्या फेरीत क्रम १ ते ८, दुसऱ्या फेरीत उलटा ८ ते १, आणि असंच पुढे नागमोडी. म्हणजे पहिल्या संघाला १, १६, १७, ३२ या निवडी मिळतात आणि आठव्याला ८, ९, २४, २५. सरळ क्रम ठेवलात तर पहिला दर वेळी पहिलाच राहील आणि आठवा रडेल. हा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि ड्राफ्टच्या शीटवर आधीच ८८ ओळींत लिहून ठेवा. मग "आता कोणाची पाळी?" हा प्रश्नच उरत नाही.

खेळाडूंची नावं दुसऱ्या शीटवर, एकाखाली एक. आयपीएलमध्ये दहा संघ आणि एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू, म्हणजे यादी २५० च्या पुढे जात नाही. हे टायपिंग कंटाळवाणं आहे, पण सगळा खेळ याच यादीवर उभा आहे. का? समजा प्रत्येकाने आपापल्या मनाने नाव टाईप केलं. एक जण लिहितो सूर्या, दुसरा स्काय, तिसरा सूर्यकुमार यादव. आपल्याला कळतं की माणूस एकच आहे, एक्सेलसाठी मात्र ते तिघे झाले. तिघांनी एकच माणूस घेतला तरी ते गप्प बसणार! शर्मांचं तर विचारूच नका. २०२५ च्या मोसमात रोहित होता, मोहित होता, अभिषेक, जितेश, संदीप, ईशांत आणि आशुतोषही. नुसतं "शर्मा" लिहिणाऱ्याला कोणता शर्मा द्यायचा? आणि नावाच्या शेवटी चुकून एक स्पेस पडली तर ती डोळ्यांना दिसत नाही, पण गुण मोजताना ते नाव जुळत नाही. त्यासाठी ट्रिम हे फंक्शन यादीवर एकदा फिरवून घ्या.

ड्राफ्टच्या शीटवर निवडीचा कॉलम सिलेक्ट करा. डेटा मेनूमध्ये डेटा व्हॅलिडेशन, तिथे अलाऊच्या खाली लिस्ट, आणि सोर्समध्ये नावांची रेंज. झालं, प्रत्येक सेलला छोटासा बाण आला. यादीबाहेरचं काही लिहिलं तर एक्सेल तोंडावर नाही म्हणतं.

पण एवढ्यावर थांबलात तर बुमराह दुसऱ्यांदाही निवडता येतो, कारण तो यादीतून गेलेलाच नाही. म्हणून ड्रॉप-डाऊनला मूळ यादी द्यायचीच नाही, उरलेल्यांची यादी द्यायची. मूळ यादीच्या शेजारी फिल्टर फंक्शन लिहा आणि आत काउंटइफने अट घाला: ड्राफ्टच्या कॉलममध्ये ज्याचं नाव शून्य वेळा आलं आहे, तेवढेच दाखव. व्हॅलिडेशनच्या सोर्समध्ये या फिल्टरच्या सेलचा पत्ता द्यायचा आणि त्यापुढे हॅशचं चिन्ह. निवड झाली रे झाली की नाव यादीतून गायब! एक्सेल २०२१ किंवा त्यानंतरचं, नाहीतर ३६५ असेल तरच हे चालतं. लॅबच्या जुन्या मशीनवर फिल्टर नसेल तर आणखी दोन कॉलम लागतात: एकात उरलेल्या खेळाडूला क्रमांक द्यायचा, दुसऱ्यात स्मॉल आणि इंडेक्स वापरून ती नावं क्रमाने वर गोळा करायची. जरा किचकट आहे, पण सेकंड इयरला याहून भयंकर गोष्टी आपण केल्यात.

आता शंका येईल की, नाव यादीतून गेलं मग आधी निवडलेला बुमराह बाद होणार का? नाही. एक्सेल फक्त लिहितानाच तपासतं, नंतर मागे वळून बघत नाही. गुगल शीट्स मात्र बघतं आणि त्या सेलला लाल कोपरा दाखवतं. घाबरू नका, निवड तशीच राहते.

खरी गळती दुसरीकडे आहे. कॉपी-पेस्ट केलं की एक्सेल काहीच तपासत नाही, उलट त्या सेलचं व्हॅलिडेशनच पुसलं जातं. म्हणून निवडीच्या कॉलमला कंडिशनल फॉरमॅटिंगमधून डुप्लिकेट व्हॅल्यूजचा नियम लावा. एखादं नाव दोनदा आलं तर दोन्ही सेल लाल होतील आणि पूर्ण रूमला दिसेल. कीबोर्डवर शक्यतो असा माणूस बसवा ज्याचा स्वतःचा संघ नाही. आमच्या मते क्रिकेट न आवडणारा रूममेट यासाठी सर्वांत उत्तम! शर्मा कितीही असले तरी त्याला काही फरक पडत नाही.

आणखी एक. यादी कोणती, परदेशी खेळाडू किती (आयपीएलसारखेच चार ठेवा), जखमी झाल्यावर बदली कशी, हे सगळं ड्राफ्टच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर ठरवून त्याच फाईलमध्ये लिहून ठेवा. यादीत ज्याचं नाव घालायचं राहिलं, तो बाणावर कितीही क्लिक केलंत तरी येणार नाही. बदलीसाठीही तीच उरलेल्यांची यादी चालते, फक्त निवडीच्या कॉलममध्ये खाली जादा ओळी सोडा आणि काउंटइफची रेंज तिथपर्यंत न्या. जखमी खेळाडूचं नाव खोडू नका. नाहीतर तो परत यादीत येईल आणि दुसराच कोणीतरी त्याला उचलेल.