हातांच्या भाषेचीही घराणी असतात

कर्णबधिरांची भाषा म्हणजे हातवारे आणि हातवारे काय, कुणालाही कळतात, असे आपण धरूनच चालतो. मग ती जगभर एकच असणार, हेही ओघाने आलेच. हा समज मोडायला ब्रिटन आणि अमेरिका ही जोडी पुरेशी आहे. बोलायला दोन्हीकडे इंग्रजीच, पण लंडनच्या कर्णबधिराच्या खुणा बोस्टनच्या कर्णबधिराला उमगत नाहीत. मुळाक्षरे दाखवायलाही ब्रिटिश दोन्ही हात वापरतात, तर अमेरिकन एकच. याचे कारण शाळेत सापडते. थॉमस गॅलॉडेट यांनी १८१६ मध्ये पॅरिसहून लोराँ क्लेर या कर्णबधिर शिक्षकाला अमेरिकेत आणले आणि पुढच्या वर्षी हार्टफर्डला शाळा निघाली. क्लेर यांच्या फ्रेंच खुणा आणि मुलांनी गावाकडून आणलेल्या खुणा मिसळून अमेरिकन सांकेतिक भाषा घडली. तिची सोयरीक त्यामुळे लंडनशी नाही, पॅरिसशी आहे. ब्रिटिश खुणा मात्र ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये रुजल्या, म्हणून त्या तिघांचे आजही बऱ्यापैकी जमते.

यावर कुणी म्हणेल, खुणा तर चित्रांसारख्या असतात, त्या का कळू नयेत? झाडाचीच खूण घ्या. अमेरिकेत एका हाताचे कोपर दुसऱ्या हातावर टेकवून, बोटे फाकवून पंजा हलवतात. डेन्मार्कमध्ये दोन्ही हातांनी आधी गोल शेंडा आणि मग खाली खोड रेखतात. चिनी माणूस नुसते खोड दाखवतो, तेही खालून वर. तिन्हींत झाड दिसते, पण अर्थ सांगितल्यावर! शिवाय भूक, झाड, घर यांपलीकडे कर्ज, शंका, कायदा यांचे चित्र कसे काढणार? आणि सुट्या खुणा पाठ झाल्या तरी व्याकरण उरतेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जागतिक मेळाव्यांत देशोदेशीचे कर्णबधिर थोड्याच वेळात एकमेकांशी गप्पा मारू लागतात. हे खरेच आहे, आणि बोलणाऱ्यांना ते साधत नाही. पण तिथे चालते ती तडजोडीची, आंतरराष्ट्रीय खुणांची मिश्र पद्धत. खुणा न कळणाऱ्या माणसाला समजावण्याचा आयुष्यभराचा सरावही कामी येतो. त्यावरून भाषा एकच असल्याचे सिद्ध होत नाही.

आपल्याकडे इंग्रजी मुळाक्षरे ब्रिटिश धर्तीवर दोन हातांनी दाखवतात, पण शब्द आणि व्याकरण इथले आहे. पाकिस्तानातल्या खुणा तर इतक्या जवळच्या, की काही अभ्यासक दोन्हींना एकच भाषा मानतात. तेव्हा इंटरनेटवर अमेरिकन मुळाक्षरे गिरवून शेजारच्या कर्णबधिर मुलाशी बोलायला जाऊ नका. भारतीय सांकेतिक भाषेचा सरकारी शब्दकोश उपलब्ध आहे, सुरुवात त्यापासून करा.