चारा संपला, भाव चढले
नायजेरियाच्या उत्तरेकडील फुलानी गुराखी कोरड्या दिवसांत गुरे घेऊन दक्षिणेकडे येत. सुगी झालेल्या शेतात जनावरे चरत, शेतकऱ्याला फुकटात शेणखत मिळे. सौदा दोघांच्याही फायद्याचा होता. पुढे कुरणे उजाड झाली. १९६३ नंतरच्या अडीच दशकांत चाड सरोवराचा विस्तार सुमारे नव्वद टक्क्यांनी घटला. पीक उभे असतानाच गुरे येऊ लागली. गुरांच्या जुन्या वाटाही नांगराखाली गेल्या. मग मारामाऱ्या आल्याच.

बेन्यू राज्याने २०१७ मध्ये मोकळ्या चराईवर बंदी घातली. कायदा करणे सोपे. चारा कोठून आणणार? रक्तपात चालूच राहिला. तेढ वाढत बाजारापर्यंत पोहोचली. २०२१ च्या फेब्रुवारीअखेर उत्तरेच्या व्यापाऱ्यांनी, आपल्या माणसांवरील हल्ल्यांची भरपाई मागत, दक्षिणेकडे जाणारी जनावरे आणि कांदा-टोमॅटो काही दिवस रोखून धरले. लागोसमध्ये भाव कडाडले.