आमच्या गावात ‘अ‍ॅव्हेंजर्स’वाला एकच होता

आधी एक कबुली देतो. 26 एप्रिल 2019ला ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ रिलीज झाला. दहावीची परीक्षा संपलेली, सुट्टी चालू. माझा एक मित्र त्या उन्हाळ्यात लग्नाच्या मंडपांच्या कामाला जात होता. बांबू उचलायचे, खुर्च्या लावायच्या. त्या पैशांतून रविवारी कल्याणला जाऊन तो ‘एंडगेम’ बघणार होता. तो आयर्न मॅनचा भक्त. मी कट्टर बॅटमॅनवाला, म्हणजे विरोधी पार्टीतला. शनिवारी रात्री कुठल्याशा मीमवरून मला शेवट कळला आणि मी तो एका ओळीत त्याला व्हॉट्सअ‍ॅप केला. आयर्न मॅन मरतो. पुढे हसणारे इमोजी, मोजून सात.

ब्लू टिक आली. उत्तर आलं नाही. रविवारी तो कल्याणला गेलाच नाही आणि सोमवारी क्रिकेटलाही आला नाही.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत कॉमिक्सच्या दोन मोठ्या कंपन्या आहेत. ‘डीसी’ने 1960मध्ये सुपरमॅन, बॅटमॅन वगैरे मंडळींची ‘जस्टिस लीग’ ही टीम आणली. ‘मार्व्हल’ने 1963मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स’ उभे केले. तेव्हापासून कोण भारी, हा वाद चालू आहे. आम्ही कॉमिक्स कमी आणि सिनेमे जास्त बघितलेली पोरं, पण वाद घालण्यात मागे नाही. ‘मार्व्हल म्हणजे जोकवर जोक, पोरखेळ नुसता.’ ‘आणि डीसीत कायम अंधार का रे, लाइटबिल थकलंय का?’ इथपर्यंत मजा असते. नंतर गाडी ‘ज्याला हे आवडतं तो बिनडोक’ या स्टेशनवर येते आणि तिथून मागे फिरत नाही. (बाबांच्या पिढीला वेताळ आणि मांड्रेक एकाच ‘इंद्रजाल कॉमिक्स’मध्ये मिळायचे. भांडायची सोयच नव्हती.)

जगभर हेच चाललंय. 2016मध्ये ‘सुसाइड स्क्वॉड’ला वाईट रिव्ह्यू मिळाले, तर डीसीच्या फॅन्सनी ‘रॉटन टोमॅटोज’ ही रिव्ह्यू गोळा करणारी साइटच बंद करा म्हणून ऑनलाइन अर्ज काढला. हजारोंनी सह्या ठोकल्या. गंमत म्हणजे त्या साइटमध्ये डीसीची मालक असलेल्या वॉर्नर कंपनीचाच हिस्सा होता. ‘जस्टिस लीग’चा दिग्दर्शक झॅक स्नायडर याने मुलीच्या मृत्यूनंतर 2017मध्ये सिनेमा सोडला, तेव्हा त्याचीच आवृत्ती दाखवा म्हणून फॅन्सनी मोहीम चालवली. त्या मोहिमेत आत्महत्या रोखणाऱ्या संस्थेसाठी पाच लाख डॉलरहून जास्त पैसे उभे राहिले. त्याच मोहिमेत लोकांना शिव्या आणि धमक्याही गेल्या. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने 2022मध्ये छापलं, की वॉर्नरने करून घेतलेल्या तपासणीत या चर्चेतली किमान 13 टक्के अकाउंट्स खोटी निघाली. म्हणजे आपण रात्रभर जागून ज्याला उत्तरं देतो, तो माणूसच नसण्याची शक्यता आहे, राव!

तुम्ही म्हणाल, पोरांची भांडणं आहेत, सोडून द्या. सुपरहिरोंवरून आपल्याकडे कुणी कुणाचं डोकं फोडत नाही हे खरं. पण मार्च 2024मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात आयपीएलची मॅच बघताना रोहित शर्माच्या विकेटवरून वाद झाला, मारहाण झाली आणि त्यात एका वयस्कर क्रिकेटप्रेमीचा जीव गेला. मॅच हैदराबादला चालली होती. तिथल्या एकाही खेळाडूला हे दोघे-तिघे कोण, हे माहीत नव्हतं.

आणि ज्यांच्यासाठी आपण भांडतो ते काय करतात बघा. डीसीवाल्यांचा आवडता टोमणा आहे, ‘थॅनॉस ही डार्कसाइडची कॉपी.’ मीही शंभर वेळा मारलाय. थॅनॉस घडवणाऱ्या जिम स्टार्लिनने तसं कबूलही केलंय. पण डार्कसाइड कुणी काढला? जॅक कर्बीने. म्हणजे स्टॅन लीबरोबर ‘अ‍ॅव्हेंजर्स’ जन्माला घातले त्यानेच! 1970मध्ये तो मार्व्हल सोडून डीसीत गेला होता. हे वाचलं त्या दिवशी माझा टोमणा फुकट गेला.

जॉर्ज पेरेझ या चित्रकाराने तर 1983मध्ये दोन्ही टीम एकत्र येतील अशा कॉमिकची 21 पानं काढली होती. कंपन्यांचं फाटलं आणि काम अडकलं. ते कॉमिक अखेर वीस वर्षांनी, 2003मध्ये, पेरेझच्याच हातून झालं. 2022मध्ये तो कॅन्सरने आजारी असताना दोन्ही कंपन्यांनी मिळून त्याच्या 7,000 प्रती पुन्हा छापू दिल्या, गरजू कॉमिक्स कलाकारांच्या मदतीसाठी. त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला.

मुंबईत हजारो फॅन्स आहेत. एकाशी वाजलं तर दुसरा मिळतो. आमचं उंबरमाळी शहापूर तालुक्यात, खर्डी आणि कसाऱ्याच्या मध्ये. इथे थॅनॉस कोण हे विचारलं तर उत्तर देणारे किती? माझ्या ओळखीत तेव्हा तो एकटा होता. त्याला गप्प केल्यावर मी वाद जिंकलो खरा, पण पुढची सहा वर्षं नवा ट्रेलर आला की बोलायला कुणी नव्हतं. 2021मध्ये ‘स्नायडर कट’ आला, चार तासांचा. मी तो एकट्याने बघितला आणि चांगला होता की मलाच वाटला, हे विचारायलाही कुणी नव्हतं.

2025च्या जुलैत ‘सुपरमॅन’ आला. त्याच आठवड्यात सकाळच्या लोकलला तो दिसला. आसनगावजवळ एका कंपनीत कामाला लागलाय. मीच शेजारी जाऊन बसलो. खर्डी गेलं तरी दोघेही गप्प. शेवटी मी त्या मेसेजचं काढलं आणि सॉरी म्हणालो.

‘‘सहा वर्षं झाली रे,’’ तो म्हणाला. ‘‘पण सात इमोजी टाकायची काय गरज होती?’’

मला काही सुचेना. मग त्यानेच विचारलं, ‘‘सुपरमॅन बघितलास?’’

‘‘बघितला. भारी आहे.’’

‘‘असणारच. दिग्दर्शक कोण? जेम्स गन. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी’वाला. आमचा माणूस आहे तो.’’

‘‘तुमचा होता.’’

आसनगाव येईपर्यंत आम्ही भांडत होतो. समोर बसलेल्या मावशी दोनदा म्हणाल्या, ‘‘जरा हळू बोला रे पोरांनो.’’